मिठाचा हिवाळा: गाडीच्या गंजाबद्दल वाचकांचे प्रश्न

दिवाळी झाली की पत्रांचा विषय बदलतो. जून-जुलैत सगळे विचारतात गाडी पावसात बंद का पडते, आणि नोव्हेंबर लागला की परदेशातून मेल यायला लागतात, दादा गाडी गंजतीये काय करू. यंदा कोकणातूनही पत्रं आली आणि सगळी एका बैठकीत वाचली तर लक्षात आलं की वरवर वेगळे वाटले तरी प्रश्न एकच आहे, मीठ. म्हणून या वेळी सगळे एकत्रच घेतो. मी मूळचा रत्नागिरीचा, मधली आठ वर्षं इंग्लंडात लेस्टरला एका छोट्या गॅरेजात काम केलं, आता परत इथं, त्यामुळे दोन्हीकडचा गंज या हातांनी खरवडलेला आहे.

नमस्कार दादा, मी साताऱ्याचा, तीन वर्षांपासून कॉव्हेंट्रीला आहे. सेकंडहँड १२५ सीसी मोटारसायकल घेतलीये, वेअरहाउसची शिफ्ट पहाटेची, त्या वेळी बस नसते म्हणून थंडीतही रोज गाडीच, येऊन-जाऊन २२ मैल. गेल्या जानेवारीत बघता बघता नट-बोल्ट लाल झाले, इंजिनवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायला लागलं, चेन तर विचारू नका. फ्लॅटमध्ये राहतो, नळाला पाइप लावायची सोय नाही. एक रूममेट म्हणतो कव्हर घाल, दुसरा म्हणतो डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मार. नक्की काय करू? (एक वाचक, कॉव्हेंट्री)

मित्रा, गाडी थंडीने गंजते किंवा पाण्याने गंजते हे आधी डोक्यातून काढ. साताऱ्याला चार महिने गाडी पावसात भिजते, तेव्हा एका महिन्यात अशी अवस्था होते का? नाही ना. तिकडे खातं ते रस्त्यावरचं मीठ. रस्ता शून्याच्या आसपास जाणार असा अंदाज आला की संध्याकाळीच ते पिवळे दिवे लावलेले ग्रिटर ट्रक निघतात आणि चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम मीठ फेकत जातात, बर्फाचा अंदाज असेल तर त्याच्या दुप्पट-चौपट. हे पांढरं शुभ्र मीठ नसतं, चेशायरमधल्या विन्सफर्डसारख्या जमिनीखालच्या खाणीतून काढलेलं खडेमीठ असतं, त्यात माती मिसळलेली असते म्हणून तपकिरी दिसतं, आणि म्हणूनच गाडीवर बसलेलं मीठ आपल्याला नुसता चिखल वाटतो आणि आपण म्हणतो रविवारी धुऊ.

आणि मिठाची खोड अशी की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि स्वतः ओलं होतं. पावसाळ्यात आईच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच. इंग्लंडात हिवाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ ८० च्या वरच असते, म्हणजे तू गाडी लावून झोपलास, बाहेर पाऊस नाही बर्फ नाही, तरी गाडीवरचा तो थर रात्रभर ओलाच राहतो आणि त्याचं काम चालू राहतं. इंजिनवर जी पांढरी बुरशी म्हणतोयस ती बुरशी नाही, तो अ‍ॅल्युमिनियमचा गंज आहे. अ‍ॅल्युमिनियमवर एक पातळ थर आपोआप बनतो आणि तोच त्याला वाचवतो, पण मिठातलं क्लोराइड नेमका तो थर फोडतं, आणि एकदा लॅकरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक रंगाखाली, शिरलं की अळीने पान कुरतडावं तशा रेघा रेघा पुढे सरकत जातात.

आता काय करायचं. बागेत औषध मारायला पाच लिटरचा हातपंप मिळतो, आपल्याकडे फवारणीचा पंप असतो त्याचं छोटं भावंड, हार्डवेअरच्या दुकानात फार महाग नाही. तो घे. घरी आलास की त्यात साधं नळाचं पाणी भरून गाडी वरून खाली, पण खालच्या भागाला जास्त वेळ देऊन, पाच मिनिटं नुसती भिजवून काढ. साबण नको, ब्रश नको, रोज एवढंच. चिमट्याखाली (मागचं चाक धरतो तो), मागच्या मडगार्डच्या आतून, ब्रेक कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबतो तो भाग) भोवती, रेडिएटर असेल तर त्याच्या पुढे, आणि बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, गार झाल्यावर त्याच्यावर. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी गळेल, ते स्वच्छ गळायला लागेपर्यंत मार. पाच लिटर पुरतात, मी स्वतः दोन हिवाळे तिसऱ्या मजल्यावर राहून असंच केलंय. एक काळजी घे, तापमान शून्याखाली असेल तर पाणी फूटपाथवर सांडू देऊ नकोस, सकाळी कोणीतरी घसरून पडेल, आणि धुऊन झाल्यावर ब्रेक दोन-चारदा दाबून गाडी थोडी पुढे-मागे ढकल म्हणजे पॅडमधलं पाणी निघून जाईल, नाहीतर सकाळी डिस्कला पॅड चिकटलेले सापडतात.

गरम पाणी घ्यायचं का यावर तिकडे बायकर लोकांत हमखास वाद होतो. गरम पाण्यात मीठ जास्त विरघळतं असं सांगतात, तर १०० मिलिलिटर पाण्यात शून्य अंशाला साधारण ३६ ग्रॅम आणि उकळत्याला ३९ ग्रॅम, म्हणजे फरक जवळपास नाहीच. उलट धातू गरम झाला की गंजाचा वेग वाढतो, म्हणून थंड किंवा कोमट पाणीच बरं. ह्याच कारणासाठी मीठ लागलेली ओली गाडी हीटर असलेल्या उबदार गॅरेजात ठेवणं हे बाहेर गारठ्यात ठेवण्यापेक्षा वाईट, हे लोकांना पटत नाही पण खरं आहे. आणि भांड्यांचं लिक्विड अजिबात नको, बऱ्याच लिक्विडमध्ये ते घट्ट व्हावं म्हणून मीठच घातलेलं असतं, शिवाय गाडीवरचं मेण ते धुऊन टाकतं. आठवड्यातून एकदा गाडी धुवायचा शाम्पू घेऊन नीट धू. पेट्रोल पंपावर प्रेशर वॉशर असतो त्याचा मोह होईल, पण त्याचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर, स्टिअरिंगच्या मानेवर जवळून मारलास तर सील ओलांडून मिठाचं पाणी आत जातं आणि आतलं ग्रीस बाहेर येतं. मारायचाच असेल तर दोन हात लांबून.

कव्हरचं सांगतो. मीठ लागलेल्या ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर म्हणजे गाडीला वाफ देणं. धुतलेली, बऱ्यापैकी कोरडी झालेली गाडी असेल आणि कव्हर हवा खेळणारं असेल तर चालेल. आणि डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे तेच, वॉटर डिस्प्लेसमेंट, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून, १९५३ साली अमेरिकेत अ‍ॅटलस रॉकेटच्या कामासाठी. त्याचा थर इतका पातळ की ओल्या मिठाच्या रस्त्यावर काही दिवसांत जातो. तुला पाहिजे तो टिकणारा थर, त्यासाठी तिकडे एसीएफ-५० नावाचं विमानांसाठीचं तेल सगळे वापरतात, किंवा एक्ससीपीचं रस्ट ब्लॉकर, किंवा स्कॉटऑइलरचं एफएस३६५ जे दर धुण्यानंतर फवारायचं असतं. पण एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघ, हे मारायच्या आधी गाडी मिठापासून पूर्ण मोकळी आणि कोरडी पाहिजे. मिठावरून तेल मारलंस तर मीठ आत बंद झालं, मग बाहेरून चकचकीत आणि आतून पोखरलेली अशी गाडी होते, अशा कितीतरी मी उघडल्यात. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, ग्रिटर निघायच्या आधी एकदा, आणि मग जानेवारीच्या सुमारास परत. एसीएफ-५० सारखं तेल बाटलीतून सरळ फवारू नकोस, फडक्यावर नाहीतर रंगाच्या ब्रशवर घेऊन लाव, कारण डिस्कवर किंवा टायरवर एक थेंब गेला तर ब्रेक लागत नाही, आणि त्या रस्त्यांवर ब्रेक न लागणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मार्चमध्ये तेलावर धूळ बसून गाडी कळकट दिसेल, दिसू दे.

चेन. तुझ्या चेनला ओ-रिंग, म्हणजे कड्यांमधल्या रबराच्या चकत्या, असतील तर तिच्या पिनांच्या आतलं ग्रीस कारखान्यातलंच असतं, बाहेरून आपण फक्त रोलर आणि कडा वाचवतो. रॉकेल, तिकडे त्याला पॅराफिन म्हणतात, फडक्यावर घेऊन पूस, पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर नको, रबर कडक होतं. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असते तेव्हा वंगण लाव, आतल्या बाजूने, मागचं चाक हाताने फिरवत. आणि हे मी हात जोडून सांगतो, इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकून चाक फिरवत चेन पुसायची नाही, कधीच नाही, फडकं ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटं. थंडीत दर दोनशे-अडीचशे मैलांना, ओल्यातून आलास तर त्याच संध्याकाळी.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते, ब्रेक. गंजलेला बोल्ट दिसतो म्हणून आपण त्याचीच काळजी करतो, पण जिवावर येतं ते कॅलिपरमध्ये, आणि ते दिसत नाही. माझ्या लेस्टरच्या पहिल्या हिवाळ्यात फेब्रुवारीत एक दिवस गाडी ढकलताना जड लागली, मला वाटलं टायरमध्ये हवा कमी आहे, हवा भरली, तरी जड. दोन मैल चालवून उतरलो आणि मागच्या डिस्कजवळ हात नेला तर तापलेल्या तव्याजवळ हात नेल्यासारखं झालं. उघडलं तर कॅलिपरचा पिस्टन मिठाने आणि गंजाने असा आवळला होता की पुढे येत होता पण मागे जात नव्हता, आणि एका पॅडमागची लोखंडी पट्टी गंजून फुगली होती, त्यावरचा पॅडचा मसाला एका कोपऱ्यातून सुटायला लागला होता, नखाने उचकटला तर हलत होता. ब्रेक मारताना तो सुटला असता तर काय झालं असतं हा विचार मी आजही करतो. मागचा ब्रेक आधी जातो कारण पुढच्या चाकाने उडवलेलं सगळं त्याच्यावर येतं. म्हणून हिवाळ्यात निदान दोनदा, डिसेंबरात आणि फेब्रुवारीअखेर, पॅड काढ, पिस्टन थोडा बाहेर आणून जुन्या टूथब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात घास, कोरडा करून त्यावर लाल रबर ग्रीस बोटाने अगदी हलकं फिरव, सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, आणि मग पिस्टन मागे ढकल. स्वतःला खात्री नसेल तर गॅरेजात जा, हे काम फार वेळाचं नाही. ब्रेक घासत राहिला तर एमओटीलाही, म्हणजे तिकडच्या सक्तीच्या गाडी-तपासणीतही, पकडतात, पण एमओटी वर्षातून एकदा, तू रोज चालवतोस.

नट-बोल्टचं थोडक्यात: स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात असला आणि मध्ये खारं पाणी गेलं की दोन धातूंची छोटी बॅटरी तयार होते, त्यात अ‍ॅल्युमिनियम खर्ची पडतं, फुगतं आणि बोल्ट आवळून बसतो. म्हणून लोक हौसेने चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट बसवतात ते काढायला गेलं की तुटतात. ऑक्टोबरात एकेक बोल्ट काढून आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट आवळून बसू न देणारी पेस्ट, लावून परत बसव, निकेलवालं मिळालं तर ते घे, आणि लक्षात ठेव वंगण लावलेला बोल्ट कमी जोरात आवळायचा, नेहमीचा जोर लावला तर आटे उडतात. पुढच्या मडगार्डला खाली एक प्लास्टिकची पट्टी जोडायला मिळते, फेंडर एक्स्टेंडर म्हणतात, ती मात्र आजच मागव, इंजिनवर उडणारं अर्धं मीठ ती अडवते.

सर, आम्ही मिसिसॉगाला राहतो, मिस्टरांची रॉयल एनफिल्ड आहे, ते नोव्हेंबरपासून चालवत नाहीत, बिल्डिंगच्या अंडरग्राउंड पार्किंगमध्ये असते. दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं चालू करून येतात, तरीही गेल्या एप्रिलमध्ये सायलेन्सरला भोक पडलेलं आढळलं. न चालवता कसं गंजलं? (एक वाचक, मिसिसॉगा, कॅनडा)

ताई, त्या दहा मिनिटांनीच गंजलं. मिस्टरांना वाईट वाटेल, त्यांनी प्रेमानेच केलं, पण पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतं, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी. गाडी लांब चालली की सायलेन्सर तापून ते वाफ होऊन निघून जातं, दहा मिनिटं जागेवर चालवली की अर्धवट तापतो, पाणी आतच निथळतं, त्यात जळण्यातून आलेली आम्लं मिसळतात आणि पुढच्या रविवारपर्यंत ते तिथंच. इंजिन ऑइलमध्येही तेच पाणी उतरतं. तेव्हा बंद म्हणजे एप्रिलपर्यंत पूर्ण बंद.

बंद करायच्या आधी, म्हणजे रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आधी, गाडी धुऊन कोरडी करून घ्या. टाकी गळ्यापर्यंत भरा, अर्धी टाकी असली की वरच्या हवेतलं पाणी पत्र्यावर साचून टाकी आतून गंजते, आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी शोषायची सवय आहे. भरताना फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध, टाका आणि मग पंधरा-वीस मिनिटं एक फेरी मारून आणा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. ऑइल वसंतात नाही, आत्ताच बदला, वापरलेल्या ऑइलमधलं पाणी आणि आम्ल पाच महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. बॅटरी काढून घरात आणा किंवा मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर, लावून ठेवा, पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याच्या जरा खाली गेली तरी गोठून फुटू शकते, पूर्ण चार्ज असलेली उणे चाळीसलाही गोठत नाही.

आणि पार्किंगबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात पण तिथंच अर्धा प्रश्न आहे. शेजारच्या गाड्या रस्त्यावरचा बर्फ आणि मीठ घेऊन आत येतात, तो तिथं वितळतो, जमिनीवर खारं पाणी साचतं आणि हवाही दमट राहते. तिकडे काही ठिकाणी साध्या मिठाबरोबर कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडही वापरतात, ते तर आर्द्रता तीस-पस्तीस टक्के असली तरी ओलं राहतं, म्हणजे वाळतच नाही. तेव्हा गाडी कोपऱ्यात, भिंतीकडे, जिथं दुसऱ्या गाडीचं पाणी वाहत येत नाही अशा जागी घ्या, खाली लाकडी फळी टाकून मेन स्टँडवर लावा, कापडी कव्हर घाला. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं कोंबलंत तर हँडलला एक लाल चिंधी बांधा, म्हणजे एप्रिलमध्ये ते काढायची आठवण राहील. आणि एप्रिलमध्ये पहिलं ऊन पडलं म्हणून लगेच काढू नका, दोन-तीन चांगले पाऊस होऊन रस्त्यावरचं मीठ वाहून जाऊ द्या.

काका, आमचे बाबा हर्णै बंदरातून मासळी घेऊन दापोलीच्या बाजूच्या गावांत मोटारसायकलवर विकतात. मागे क्रेट बांधलेला असतो. गाडीला चार वर्षं झाली पण चेन दर सहा महिन्यांनी जाते, सायलेन्सर दोनदा बदलला, चिमट्याला पोपडे आलेत. पावसाळ्यात नाही पण थंडीत जास्त गंजते असं बाबा म्हणतात, ते खरं असेल का? गॅरेजवाला जळकं ऑइल फवारून देतो. (एक वाचक, दापोली)

तुझे बाबा अगदी बरोबर सांगतायत आणि त्यांनी हे नजरेने टिपलंय याचं मला फार कौतुक वाटलं. पावसाळ्यात गाडी दिवसातून चार वेळा फुकट धुतली जाते, कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर गोडं पाणी पडतं, मीठ टिकायला जागाच नाही. दिवाळीनंतर पाऊस गेला, की दुपारी खारे वारे सुटतात आणि समुद्राचे बारीक तुषार आणून गाडीवर टाकतात, ते धुणारं कोणी नाही, आणि रात्री दव पडतं. सकाळी सीटवर हात फिरवला की ओला होतो ना, तेवढं दव मिठाला पुरतं. दिवसा वाळायचं, रात्री भिजायचं, असं फेब्रुवारीपर्यंत रोज. त्यामुळे जो भाग उघड्यावर आहे त्याच्यापेक्षा आडोशाचा भाग, चेनकव्हरच्या आत, टाकीच्या खाली, मडगार्डच्या पोटात, जास्त खाल्ला जातो, कारण तिथलं मीठ कधीच धुतलं जात नाही.

पण तुमच्या गाडीचा मुख्य शत्रू वारा नाही, क्रेट आहे. मासळीवर बर्फ असतो, मासळीला समुद्राचं पाणी असतं, बर्फ वितळतो आणि ते खारं, रक्ताचं पाणी थेंब थेंब खाली पडतं. कुठं पडतं ते एकदा गाडी उभी करून खाली वाकून बघ, डावीकडे चेनवर आणि उजवीकडे सायलेन्सरवर, तू सांगितलेल्या नेमक्या त्याच दोन वस्तू. तर क्रेटच्या खाली बसेल असा एक उथळ प्लास्टिकचा ट्रे घ्या, जाड, कडा दोन-अडीच इंच उंच असलेला, मागच्या कोपऱ्यात भोक पाडून त्यात नळाच्या फिटिंगचा निपल बसवा, आणि त्याला पाइप जोडून नंबरप्लेटच्या मागे, चाकाच्या बाहेर खाली सोडा. ट्रे मागे जरासा उतरता ठेवा, पुढच्या बाजूला रबराचा एक तुकडा घातला की झालं. ट्रे आणि कॅरिअरच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी टाका, नाहीतर घासून कॅरिअरचा रंग जाईल आणि तिथून गंज सुरू होईल. पाइप मात्र टायरवर गळणार नाही एवढं बघा. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या एका मासळीवाल्याच्या गाडीला मी हे करून दिलं, त्याची चेन आता दुसऱ्या हिवाळ्यात आहे.

धंदा संपला की रोज दोन बादल्या पाणी, पण कुठलं पाणी ते महत्त्वाचं. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरी आणि बोअर उन्हाळ्याकडे मचूळ होत जातात, त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मिठाने मीठ धुणं. जिभेला लावून बघ, खारट लागलं तर पहिली बादली त्याची चालेल पण शेवटची बादली नळाच्या गोड्या पाण्याची. पाणी कमी असेल तर सगळी गाडी नको, चेन, चिमटा, सायलेन्सर, दोन्ही ब्रेक आणि कॅरिअर, बस.

जळकं ऑइल बंद कर. मला माहितीये आपल्याकडे सगळीकडे देतात आणि त्याने थोडा फरक पडल्यासारखा वाटतोही, पण त्यात आम्ल असतं, काजळी असते, ते रबराची आवरणं आणि वायरी फुगवतं, आणि बाबांच्या मागच्या ड्रमवर नाहीतर टायरवर गेलं तर बाबा घाटात उतरताना काय होईल? त्याऐवजी साधं नवं ग्रीस डबीतून घेऊन रंगाच्या ब्रशने चिमट्याच्या खाली, स्टँडच्या सांध्यांना, मडगार्डच्या आतून पातळ लाव, आधी पोपडे तारेच्या ब्रशने खरवडून, प्रायमर आणि रंग मारून. चेनला गिअर ऑइल ९० नंबरचं, रोज रात्री दोन-चार थेंब फडक्यावर. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली. आणि रात्री गाडीवर ताडपत्री टाकू नका, घराची जी भिंत समुद्राला आडवी येते तिच्या आत लावा.

दादा, आमचा पुण्याचा ग्रुप डिसेंबरमध्ये दिवेआगरला गेला होता, बीचवर गाड्या चालवल्या, एक गाडी लाटेत अर्धी गेली. आता घरी येऊन तीन दिवस झाले, काही करायला पाहिजे का? (एक वाचक, पुणे)

लगेच, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि लाट चाकाच्या बेअरिंगमध्ये, ब्रेकमध्ये, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलेली असते, वरून धुऊन ते निघत नाही. दोन्ही चाकं काढून बेअरिंग बघ, वाजत असतील तर बदल. ड्रम उघडून आतली वाळू काढ, डिस्क असेल तर पॅड काढून धू. एअर फिल्टरच्या डब्यात ओल आहे का बघ, आणि ऑइलच्या काचेत ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालू न करता टेम्पोत घालून गॅरेजात ने. कनेक्टर एकेक सोडवून गोड्या पाण्याने, मग हवा मारून, मग कॉन्टॅक्ट क्लीनर.

आणि भावा, बीचवर गाडी नको, मनापासून सांगतो. वेळास, आंजर्ले, दिवेआगर या आपल्या किनाऱ्यांवर थंडीतच ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वाळूखाली घरटं आहे हे वरून कळत नाही, आणि टायर त्याच्यावरून जातं.

क्रोमच्या हँडलवर आणि रिमवर बारीक तांबडे ठिपके आलेत, पॉलिश पेपरने घासू का? (एक वाचक, मडगाव)

पॉलिश पेपर नको, क्रोमचा थर फार पातळ असतो, तो गेला की मग पूर्ण हँडल लाल होईल. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्या, चोळामोळा करून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने ठिपक्यावर गोल गोल घासा, काळपट लगदा होईल, तो पुसत जा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. ठिपका गेला तरी तिथं क्रोमला सूक्ष्म भोक आहेच, त्यामुळे त्याच दिवशी कोरडं करून कार वॅक्स लावा, आणि हँडलवर दर पंधरा दिवसांनी परत. रिमच्या स्पोकच्या मुळाशी, निपलपाशी, टूथब्रशने वॅक्स आत सरकवा, गोव्यात आधी तिथूनच सुरू होतं.